कळलावी

नंदाखालच्या जयवंतीआत्या सरळ मार्गानं फारसं काही करत नसत. लग्नात मांडवाबाहेरच्या चपलांची अदलाबदल करणं हा त्यांचा जुना उद्योग. पन्नाशी उलटली तरी सुटला नव्हता. मात्र विलास आणि सुधाकर या आपल्याच सख्ख्या भावांच्या अबोल्यापुढे त्यांचंही डोकं चालेना. दोघांची घरं शेजारी शेजारी, मध्ये कुंपण. विहिरीच्या पंपावरून बिनसलं, ते आई गेली तेव्हाही दोघं बोलले नाहीत.

१९९८च्या श्रावणात विलासची मुलगी क्षितिजा कॉलेजच्या मंडळींना घेऊन तुंगारेश्वरला रानफुलं बघायला निघाली, तशा आत्याही निघाल्या. चढणीवर एका झुडपाला बिलगलेली वेल दिसली. तळाशी पिवळ्या, टोकाला लालभडक पाकळ्या, चुलीतल्या जाळासारख्या वर वळलेल्या.

"हात नको लावूस, आत्या. विषारी आहे. कंद पोटात गेला तर माणूस वाचत नाही."

"दिसते तर गोड! नाव काय गं हिचं?"

"कळलावी. दाराला खोचली की घरात भांडणं लागतात म्हणे. काहीतरीच!"

आत्या वेलीकडे वळून वळून बघत राहिल्या. क्षितिजाला तेव्हाच शंका यायला हवी होती. सगळे पुढे गेल्यावर आत्यांनी रुमालात धरून दोन फुलं खुडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलास फाटकाशी ओरडला, "सुध्या! माझ्या दाराला कळलावी लावतोस?"

"मी लावली? मग माझ्या फाटकाला कोणी, तुझ्या भुतानं?"

कुंपणावरून जुंपली. पंप निघाला, आईचं आजारपण निघालं. "तेव्हा बोलावलं का नाहीस?" सुधाकरनं विचारलं. विलास खाली बघत म्हणाला, "तू येशील असं वाटलं नाही रे."

मग दोघांनी हातातल्या फुलांकडे पाहिलं आणि एकदमच म्हणाले, "जयू!"

दोघं तरातरा आत्यांच्या दारात. त्या चहा टाकतच होत्या. "आधी साबणानं हात धुवा," त्या म्हणाल्या, "मग काय बोलायचं ते बोला."

दोघांनी त्यांना मनसोक्त झापलं, एकमेकांची वाक्यं पुरी करत. त्या पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. हसत होत्या की रडत होत्या, कळलं नाही.

भाऊ गोडीनं राहू लागले, असं काही झालं नाही. पण त्या गणपतीत सुधाकर न बोलावता विलासकडे जेवायला बसला आणि पहिलाच मोदक तोंडात टाकून म्हणाला, "वहिनी, गूळ कमी पडला."