दगडाबाईचे कागदी गोळे

न्हावऱ्याच्या धनगरवस्तीवर दगडाबाईला डिवचायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पोपट पडला कासुर्डीचा, त्याला कोण सांगणार? पोपट दारूवाला. पिण्याची नव्हे हो, शोभेची दारू! जत्रेत आभाळात फुलं फुलवणारा, सरकारी लायसन असलेला माणूस.

दगडाबाई तेव्हा साठीला टेकलेली. आईची पहिली तीन लेकरं जगली नाहीत म्हणून चौथीचं नाव दगडी ठेवलं, आणि बाईने ते नाव राखलं. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिने मेंढरांमागे कोकणापर्यंत पायपीट केली. मग नवऱ्याने, म्हस्कूने, विहीर पाडली, कांदा लावला आणि बिऱ्हाड एका जागी बसलं. बिऱ्हाड बसलं, पण हिचे हात काही बसेनात. म्हणून ती कागदाच्या टोपल्या करायला लागली. रद्दी भिजत घालायची, वाटलेल्या मेथ्या घालून लगदा कुटायचा, पालथ्या घमेल्यावर थापायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. तिची टोपली पंधरा वर्षं हलत नसे. वस्तीवरच्या प्रत्येक लेकीच्या रुखवतात ती दिसायचीच.

अठ्ठ्याण्णव सालच्या माघात पोपट चैत्रातल्या बिरदेवाच्या जत्रेची सुपारी घ्यायला आला. सून धनश्रीने त्याच्यापुढे भाजलेल्या शेंगा ठेवल्या, त्या याच टोपलीतून. पोपटने शेंगा राहू दिल्या आणि टोपलीवरच टिचकी मारली.

"मावशी, ही कागदाची?"

"मग काय पितळंची दिसती?"

"न्हाई, म्हणलं ह्याचा पोकळ गोळा हुईल का? नारळाएवढा. आम्ही दारू भरतो त्या खोळी बाहेरनं येत्यात, यंदा कमी पडाय लागल्यात. तुम्ही नुसत्या रिकाम्या खोळी द्या, भरायचं मी माझ्या शेडवर बघतो."

"दोन टोपल्या तोंडाला तोंड लावल्या की झाला गोळा. त्यात काय एवढं!"

झालं. आठ दिवसांत दगडाबाईने पितळी वाडग्यावर थापून सहा खोळी केल्या. कागदाच्या पट्ट्या कणकेच्या खळीत बुडवून सांधे बसवले. कणकेच्या वासाने शेरडं हुंगत आली, तर त्यांना काठी घेऊन पिटाळलं. मग एका पोत्यात खोळी भरून, म्हस्कूला बरोबर घेऊन, चौफुल्याला एसटी बदलून बाई कासुर्डीला पोचली.

दोघं तिथंच मुक्कामाला राहिली. दोन दिवसांनी, दिवस मावळल्यावर, पोपटने माळावर एक गोळा उडवून बघितला. गोळा वर गेला झ्याक. फुटलाही. पण ठिणग्या चहूबाजूंनी पसरायच्या सोडून आडव्याच पसरल्या. नुसती चपटी चकती!

"मावशी," पोपट पोट धरून म्हणाला, "मी गोळा सांगितला हुता, तुम्ही तर वर भाकरी थापली की!"

शेडवरचे कामगार हसले. ते हसले त्याचं काही नाही. पण म्हस्कूही हसला! चाळीस वर्षांच्या संसारातला नवरा! दगडाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ए पोपट्या, ऐक. जत्रंला माझा गोळा गोल फुटला न्हाई, तर जल्मात टोपलीला हात लावायची न्हाई. बिरदेवाची आण!"

"आन् फुटला तर?"

"तर माझी टोपली डोस्क्यावर घालायची आन् देवळाला पाच फेरं मारायचं. समद्या गावादेखत!"

"लागली पैज!"

तोंडातून गेलं ते गेलं. सकाळी परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर बाई हिशेब मांडू लागली. मेंढरं विकली तेव्हा ती चार दिवस जेवली नव्हती. मग या टोपल्यांनी तिला सावरलं होतं. आता त्याही गेल्या तर दिवसभर बसून करायचं काय? सुनेच्या संसारात लुडबूड? देवाची आण मोडणारी ती नव्हती, आणि गोळा का चपटा फुटतो हे तर तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढे बसली, ती पोपटवरचा राग पिठावर काढायलाच. थाप, थाप, थाप! भाकरी तव्यावर टाकली, उलटली, निखाऱ्यावर धरली. फुगेना. एका कडेने फुस्स करून वाफ निघून गेली.

"आज भाकरी फुगंना व्हय?" म्हस्कू भीतभीत म्हणाला.

"कड पातळ झाली. तिथनंच वाफ पळा..."

आणि दगडाबाई थांबली. भाकरी तशीच हातात. मग ती उठली, घरी सांधायची राहिलेली एक अर्धी खोळ आणली आणि विळीवर उभी चिरली. घ्या! बुडाला बोटभर जाड आणि काठाला पापडासारखी पातळ. जन्मभराची सवय हो! टोपली जमिनीवर बसते, ओझं पेलते, म्हणून तिचं बूड जाड करायचं. तोच हात खोळीवर चालला होता. दोन टोपल्या काठाला काठ लावून जोडल्या, मग गोळा मधल्या पातळ जागी फुटणार नाही तर काय? आभाळात गोळ्याला कुठं टेकायचंय? त्याला बूड हवंच कशाला?

"अगं बया! पोपट्या मेला बरोबर बोलला," ती एकटीच हसत सुटली. "भाकरीच थापाय पायजे!"

त्या दिवसापासून तिने लगदा काठवटीत घेतला. ओल्या फडक्यावर भाकरीसारखा थापायचा, कड आणि मध्य एकसारखा. मग फडक्यासकट उचलून वाडग्यावर पांघरायचा. वाळल्यावर प्रत्येक खोळ कानाशी धरून चहूअंगांनी टिचक्या मारायची. एका जागी जरी आवाज बदलला, की खोळ परत पाण्यात. धनश्री म्हणायची, "आत्याबाई, आता बास की!" पण बास म्हणायची नाही, नाही तर ती दगडाबाई कसली! चाळीस केल्या, त्यातल्या दहा ठेवल्या.

चैत्रात जत्रा आली. इतकी वर्षं वस्तीवर जत्रा भरे, पण दारूकाम दगडाबाईने कधी पाहिलंच नव्हतं. त्या वेळेला बायका पाहुण्यांच्या मटणात अडकलेल्या. यंदा अंधार पडायला लागला तशी तिने पळी म्हस्कूच्या हातात दिली.

"तुम्ही हसला व्हता न्हवं? मग हलवा आता."

आणि सुनेला घेऊन देवळापुढच्या माळावर गेली. ढोल घुमत होते, भंडारा उधळला जात होता. पोपटने लांबूनच हाळी दिली, "मावशी, तुमचा पयला गोळा!"

गोळा सुसाट वर गेला. धडाम! माळावर एकच ओरडा उठला.

"धने, कसा फुटला?"

"आत्याबाई, तुम्ही बघितला न्हाई?"

"डोळं उघडायचा धीर व्हतो का मला!"

दुसऱ्याला मात्र धनश्रीने तिची हनुवटी धरून वर केली आणि बाईने डोळे टक्क उघडे ठेवले. आभाळभर पिवळा झेंडू फुलला. कुठं चपटा नाही, कुठं तिरका नाही. वर, खाली, चारी अंगांनी सारखा. दगडाबाई रडली. लेक सासरी धाडताना जी रडली नव्हती, ती गावादेखत, पदर तोंडाला न लावता, हसत हसत रडली.

तेवढ्यात गर्दीतून म्हस्कू धावत आला.

"गोल फुटला गं! माझ्या बायकूनं केलेला हाय, बघा रं!"

"अवो, आन् मटण?"

म्हस्कूने हातातल्या पळीकडे पाहिलं. त्या रात्री पाहुण्यांनी करपलेलं मटण मिटक्या मारत खाल्लं. बोलायची कुणाची छाती होती?

पोपट शब्दाचा पक्का. टोपली डोक्यावर घालून त्याने देवळाला पाच फेरे मारले, पुढे ढोलवाले आणि मागे सगळी वस्ती. पाचवा फेरा संपल्यावर घामाघूम होऊन तो दगडाबाईपुढे उभा राहिला आणि टोपली काढायला गेला. तिने वरूनच बुडावर टिचकी मारली.

"राहू दे डोस्क्यावर. बूड जाड हाय तिचं, घरी जाताना फटफटीवरनं पडलास तर टाळकं शाबूत राहील. आन् उद्या रद्दी घिऊन ये, माझी संपली."