राजवाड्यातलं गाऱ्हाणं

गिरण्यांचा संप लांबला तशी आमच्या लालबागच्या चाळीत भजनं वाढली. आवाज असा, की काळाचौकीतली कुत्री ताल धरायची. देशावरच्या एका जुन्या संस्थानाच्या गावाहून भजनाचं आमंत्रण आलं, तेव्हा आम्ही टेम्पो भरून निघालो. पुढे माझे काका पखवाज घेऊन, मागे काकू देवळासाठी नारळ घेऊन. दोघांत अबोला होता. गिरणीचं काही खरं नाही, खोली सोडून कायमचं कोकणात गावाला जायचं, असं काकांनी परस्पर ठरवलं होतं. काकूला मुंबई सोडायची नव्हती.

भजनाआधी तिथला राजवाडा बघितला. बाग एवढी, की एका टोकाच्या गुलाबाचा वास दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर गुलाब सुकून जायचा. आत म्युझियम. दिवाणखान्यातल्या झुंबराखाली आमची अख्खी चाळ नळावरच्या भांडणांसकट मावली असती. भिंतीवर राण्यांची तैलचित्रं. बायका राण्यांचे दागिने बघत होत्या, आमच्यातले गिरणीचे विणकर त्यांचे शालू. काकू मात्र सरळ जुन्या राजाच्या तसबिरीपुढे गेली आणि नारळ ठेवून हात जोडून उभी राहिली.

पहारेकरी धावला. "ओ बाई, इथं नारळ फोडायचा नाही!"

"फोडूचो नाय, नुसतो दाखवतंय," म्हणत तिने गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडे कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालणं हे पुरुषांचं काम, पण तिला अडवणार कोण?

"बा म्हाराजा, तुझ्या घराक इलंव. काय चुकला माकला तर पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे. गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी होकार द्यायचा, ही पिढ्यांची सवय.

"लालबागची खोली सोडूचा खूळ ह्यांच्या डोक्यात शिरला हा, ता काढून टाक! आमची खोली आमच्याकडेच रवांदे!"

"व्हय म्हाराजा!"

झुंबराचे लोलक खणखणले. पेंढा भरलेला वाघ दचकला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. सगळ्यांत मोठा आवाज काकांचा होता.

बागेत, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांपाशी आल्यावर काका म्हणाले, "ता सवयीन तोंडातसून गेला."

"मगे आत जावा नि नाय म्हणान सांगा," काकू म्हणाली. कित्येक दिवसांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली.

काकांनी राजवाड्याच्या दाराकडे पाहिलं. दिलेला होकार तसबिरीपुढे जाऊन मागे घेणारा माणूस आमच्या तळकोकणात अजून जन्मायचाय. त्यांनी चपला घातल्या.

परतीच्या टेम्पोत ते काकूशेजारी बसले आणि पावसाआधी लालबागच्या खोलीच्या छपराला डांबर मारायचं कसं, ते विचारू लागले.