चार बोटांचे ठसे आणि शंभर टक्के ज्वारी

सोलापूरला गेले ते आमंत्रण आलं म्हणून. उगाच ओढ वगैरे सांगत नाही. कडक भाकरीच्या एका कारखानदाराने कळवलं होतं : या, बघा, तुमच्या ब्लॉगवर चार चांगल्या ओळी लिहा, राहायची सोय आम्ही करू. सोय नाकारली, आमंत्रण घेतलं आणि सकाळी सहाला पुण्यातून गाडी काढली.

रस्ता उत्तम, टोल भरपूर. टेंभुर्णीच्या अलीकडे 'गावरान नाष्टा' केला. त्यातलं गावरान एवढंच, की वाढणाऱ्याला फेटा बांधला होता आणि तो बिचारा त्यात घामाघूम झाला होता. स्टेशनजवळच्या लॉजवर हजार रुपयांत स्वच्छ खोली मिळते. तिथून एमआयडीसीला रिक्षाने जा, पण भाडं आधी ठरवा.

कारखान्याच्या दारातच चूल मांडलेली. सारवलेली, शेजारी जातं, वर कंदील. चुलीत लाकडं होती. राख मात्र कणभरही नव्हती.

"मॅडम, आपली परंपरा आम्ही जगभर नेतोय," मालक म्हणाले. हसरा, चाळिशीचा माणूस.

"जगभर म्हणजे कुठे?"

"सध्या हिंजवडीपर्यंत."

आत पत्र्याच्या शेडमध्ये खरी परंपरा धडधडत होती. मशिनच्या तोंडात पीठ, पट्ट्यावर त्याची सपाट पोळी, तिच्यातून साच्याने कापलेल्या एकसारख्या गोल भाकऱ्या. भट्टीच्या अलीकडे प्लास्टिकची टोपी घातलेली पन्नाशीची बाई प्रत्येक भाकरीवर चार बोटं दाबत होती आणि कड नखाने किंचित फाडत होती.

"मावशी, हे कशासाठी?"

"थापल्यागत दिसाया पायजे की!" त्या म्हणाल्या. त्यांचं नाव महानंदा.

मालकांनी न लाजता समजावलं. भाकरी फार गोल झाली की गिऱ्हाईक नाक मुरडतं. पूर्वी इथे चौदा बायका थापायच्या. आता त्यांच्या सुना या कामाला येत नाहीत. हातची भाकरी जाड-बारीक होते, कुरियरमध्ये मोडते, दुकानदार अख्खी पेटी परत पाठवतात. यातलं काहीच खोटं नव्हतं. खोटं पाकिटावर छापलं होतं : 'शंभर टक्के ज्वारी. मायेच्या हातांनी थापलेली.'

तेवढ्यात मुंबईच्या एका मोठ्या दुकानसाखळीचे खरेदी अधिकारी आले. मोठी ऑर्डर मिळायची होती, म्हणून मालकांनी व्हिडिओचा बेत आखला होता. मावशींची टोपी काढली, हातात हिरव्या बांगड्या चढवल्या आणि त्यांना चुलीपुढे बसवलं. समोर मशिनचंच पीठ.

"थापा मावशी, जरा हसत."

मावशींनी गोळा घेतला, दोन बोटांत धरून ओढला. तो रबरासारखा लांबला.

"ह्याची भाकरी मी न्हाय थापायची," त्या म्हणाल्या.

"का?"

"ज्वारीचं पीठ असं ताणतंय का कुटं? तुटतंय ते. ह्यात गव्हाचं लई हाय. हे थापून दाखवलं तर बघणाऱ्या बायका मला हसतील."

मालकांचा चेहरा उतरला. मी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. आता हे ऑर्डर रद्द करणार, अशी माझी भाबडी समजूत.

"ताणतंय ना? मग प्रवासात मोडणार नाही," ते म्हणाले. "ऑर्डर पक्की समजा. फक्त हे बोलणं व्हिडिओत घेऊ नका."

मालकांनी मग सगळ्यांना चहाला बोलावलं. मी घेतला नाही.

पाळी सुटल्यावर मावशी मला घरी घेऊन गेल्या. गरम पाण्यात ज्वारीचं पीठ मळलं, भाकरी थापली, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. मी लगेच सुरू झाले : हातची चव, मशिनने घातलेला घाला...

"काय बोलता ताई!" त्यांनी मला मधेच तोडलं. "बारा वर्षं थापल्या. खांदा वर होत नव्हता माझा. मशिन आलं, मी सुटले. मशिन चांगलंच हाय. माझ्या हाताचं नाव सांगून गहू खपवतात, ते वाईट."

मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

पुण्याला परतल्यावर आठवड्याने मावशींना फोन केला. नोकरी गेली असेल, ही धास्ती होती.

"जाईल कशी?" मावशी म्हणाल्या. "व्हिडिओत दुसरीला बसवलं. तिला थापायलाच येत न्हाय, पण हसती झकास. मी आता मशिनवर. ते बिघडलं की त्यांना माझ्याबिगर कोण हाय?"

"आणि बोटं दाबायचं काम?"

"त्याचा साचा आणलाय. बोटं उमटलेली. सगळ्या भाकऱ्यांवर सारखीच."

फोन ठेवला आणि माझ्या जुन्या पोस्ट उघडल्या. लोणची, पापड, मसाले, लाडू. 'हातची चव' हे शब्द मी नऊ पोस्टमध्ये लिहिले होते. त्यांतल्या एकाही कारखान्यात मी पाऊल टाकलं नव्हतं.