हळदीचं पथ्य

अन्याय माझ्या मामीवर झाला. यंदा होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळीच, मामाच्या दिवसकार्याला, सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर. माझ्या मावशीने, म्हणजे मामाच्या थोरल्या बहिणीने, सगळ्यांसमोर तिला विचारलं, "डाळीत हळद घातलीस का नाय?"

"पोरांच्या डाळीत घातली, बाय. त्यांचा टोप वेगळा."

"घरात हळद आली ना? पथ्य मोडलंस. खाल्लंस माझ्या भावाला."

मामा मजुरीवरून आला की प्यायचा, मजुरी नसली तरी प्यायचा. तो प्यायला नाही असा दिवस माझ्या आठवणीत नाही. दिवाळीनंतर त्याचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोट वर आलं. जव्हारला डॉक्टरांनी मामीसमोर सांगितलं, दारूने लिव्हर गेलंय, आता एक घोटसुद्धा नको. एसटीतून परतताना मामा म्हणाला, "लिव्हर काय दिसत नाय. पिवळं दिसतंय, ते उतरवू."

ते उतरवणारा एक म्हातारा आमच्याकडे आहे. त्याने मामाच्या हातांना कसल्याशा सालीचा रस चोळला आणि चुन्याच्या पाण्याने हात धुतले. परातीतलं पाणी पिवळंधमक झालं. एक शेजारी हसला, "एवढ्या हळदीत दुसरं लगीन झालं असतं तुझं!" मागून मीही तोच रस चोळून तसेच हात धुवून पाहिले. पाणी तेवढंच पिवळं झालं. मला कावीळ नव्हती.

मग म्हाताऱ्याने पथ्य सांगितलं. तेल नको, तिखट नको, हळद नको. दारूचं नाव त्यात नव्हतं.

मामाने पथ्य कडक पाळलं. पांढरी, बिनफोडणीची डाळ कुरकुर न करता खाल्ली. डाळीआधी ग्लास. मामी ग्लास उचलायला गेली की म्हणायचा, "हे काय पिवळं हाय?"

होळीआधी त्याला रक्ताच्या उलट्या झाल्या. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

दिवसकार्याला बसलेल्यांपैकी निम्मे मामासोबत पिणारे होते. मावशी बोलली तेव्हा त्यांनी माना खाली घातल्या. मामी म्हणाली, "ग्लास कोण भरायचं ते पण इचार की, बाय." कोणी विचारलं नाही. तेव्हापासून पाड्यातल्या बायका तिच्या हातचं खात नाहीत.

तुमच्या घरात पिणाऱ्या माणसाला कावीळ झाली, तर त्याला डॉक्टरकडे न्या आणि आधी दारू बंद करा. आणि अशा मयताच्या घरी कोणी त्याच्या बायकोला हळदीबद्दल विचारलं, तर तिथे मान खाली घालून बसू नका. उठा. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, हा दारूने मेला.