सीटखालचं कुंकू

आमच्या गावचा मोटारसायकलींचा जुना कारखाना आता परदेशी गिऱ्हाईक शोधतो आहे. परवा तिथे एका मित्राकडे गेलो होतो. बोटीने जायच्या गाड्या खोक्यात भरल्या जात होत्या. पॅकिंगमधल्या शिंदेमामांनी नेहमीसारखं टाकीला लावायला कुंकवाचं बोट उचललं.

तिथले साहेब म्हणाले, "मामा, तिकडे तो डाग वाटतो लोकांना. तक्रारी येतात."

मामांनी सीट उचलली, आत बॅटरीशेजारी बोट टेकवलं आणि सीट बसवली.

माणसाच्या खुणा अशाच दूरदेशी जात असाव्यात, झाकल्या जागी बसून. कुठल्यातरी थंड गावात कुणी बॅटरी बदलायला सीट उचलेल आणि तो लाल ठिपका गंज समजून पुसून टाकेल.

पुसेना का. तोवर गाडी सुखरूप पोचलेली असेल.