भित्र्या करंदीकर बाई

करंदीकर बाई कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी छताकडे बघत, मग माणसांकडे. डोंबिवलीतल्या आमच्या तीन मजली इमारतीवर पालिकेने 'अतिधोकादायक'ची नोटीस चिकटवली, त्याच्या कितीतरी आधीपासूनची ही सवय. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या या बाईंना पाल, कुत्रा, रस्ता ओलांडणं, सगळ्याचीच भीती वाटे. आणि अख्ख्या इमारतीला हसवायच्याही त्याच. रविवारी सकाळी त्यांच्याकडे आम्ही सात-आठ जण जमायचो आणि त्या विनोदी लेख वाचून दाखवायच्या.

"विनोद भित्र्यांसाठीच असतो गं," त्या मला म्हणायच्या. "शूर माणसाला त्याची गरज काय?"

एकदा सोसायटीच्या हस्तलिखितात त्यांनी माझ्या सासूबाईंच्या भांडणांवर लेख लिहिला. सगळे हसले. सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. बाई घरी येऊन माफी मागून गेल्या, तरी सासूबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. त्यानंतर बाईंनी स्वतःखेरीज कुणावर एक ओळ लिहिली नाही. म्हणाल्या, "ज्याच्यावर लिहायचं, त्यालाही हसता आलं पाहिजे. नाहीतर तो नुसता मार असतो."

नोटीस लागली तरी जायला जागा नव्हती, म्हणून आम्ही तिथेच राहिलो. एप्रिलमधल्या एका दुपारी प्रचंड आवाज झाला. दार उघडून बघते तर खालचा जिना नाही. नुसत्या सळया लोंबत होत्या. तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघीच होतो. मी, गुडघ्यांनी अधू झालेल्या सासूबाई आणि बाई. खालून लोक ओरडून सांगत होते की हलू नका, अग्निशमन दलाची गाडी येतेय.

आम्ही बाईंच्या दाराच्या चौकटीत बसलो. डोक्यावर माती गळत होती. मधूनच भिंतीच्या आत काहीतरी तडकायचं आणि आम्ही चौकटीला आणखी चिकटायचो. सासूबाई रामरक्षा सुरू करायच्या आणि पुढचं विसरायच्या. बाईंनी माझा हात घट्ट धरला होता. तो न सोडताच त्या सांगू लागल्या. नोकरीच्या पहिल्याच तासाला वर्गात पाल निघाली आणि त्या टेबलावर चढल्या. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले. मग बाईंनी टेबलावरूनच वीररस समजावून दिला.

सासूबाईंचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. तेवढ्यात भिंत पुन्हा तडकली आणि बाई मध्येच थांबल्या.

"थांबू नका बाई," सासूबाई म्हणाल्या. "पुढे काय झालं?"

किती वर्षांनी त्या बाईंशी बोलल्या होत्या.

शिडी गॅलरीला लागली तेव्हा बाईंनी आधी सासूबाईंना उतरवायला लावलं, मग मला पुढे ढकललं. मी ऐकेना तेव्हा म्हणाल्या, "मला शिडीची भीती वाटते, म्हणून मागे राहतेय. उगाच थोर समजू नकोस." मग जवानाच्या गळ्यात हात टाकून, डोळे मिटून त्या उतरल्या.

इमारत पाडली. आम्ही डोंबिवलीतच भाड्याच्या खोलीत गेलो. बाई ठाण्याला, माजिवड्यात भाचीकडे चौदाव्या मजल्यावर राहायला गेल्या. भेटायला गेले तर त्या उघड्या दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या. भाची म्हणाली, दिवसभर तिथेच असतात. पुस्तक मांडीवर मिटून ठेवलेलं. "शब्द दिसतात, हसू येत नाही," बाई म्हणाल्या. जिना कोसळला त्या दुपारीसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या रिक्षा करून माझ्याबरोबर आल्या, बाईंशेजारी बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक गंमत सांगू लागल्या. कल्याणला त्यांच्या लग्नात सासरे समजून त्या आचाऱ्याच्या पाया पडल्या होत्या. पण सुरुवातच त्यांनी केली, "तो आचारी होता हो."

बाईंनी मान वर केली. "शेवट आधी सांगितलात. परत सांगा."

सासूबाईंनी तीनदा सांगितली. बाई हसल्या नाहीत, पण दर वेळी चूक काढली.

पुढच्याच महिन्यात बाई झोपेत गेल्या. भाची फोनवर म्हणाली, आदल्या संध्याकाळी त्या तिला कुठल्यातरी लग्नाची गंमत सांगायला लागल्या होत्या, पण त्यांना स्वतःलाच इतकं हसू फुटलं की शेवटपर्यंत पोचल्याच नाहीत.

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला शेवट सांगितला.