चावी उतरलेलं गाणं

आमची ही जाऊन चैतात वर्ष होईल. मी चार इयत्ता शिकलेला, त्यातली चौथी दोनदा. लिहिणं हे काही माझं काम नव्हे. पण हल्ली संध्याकाळी घरात टीव्हीवर गाण्यांची चढाओढ लागते. पोरंपोरी जुन्या लोकांची गाणी म्हणतात, समोर बसलेली मोठी मंडळी डोळे पुसतात आणि म्हणतात, हुबेहूब! सूनबाई विचारते, "बाबा, कसं म्हटलंन?" मी उठून पडवीत जातो. तिला वाटतं, म्हाताऱ्याला गाण्यातलं कळत नाही. खरंच कळत नाही. कळत असतं तर पुढचं झालं नसतं.

साल नक्की सांगता येत नाही. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. रत्नागिरीत बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक हाटेल होतं, तिथे मी चहा करायचो. मालकाने मागची खोली आम्हाला राहायला दिली होती. हाटेल आणि खोली यांच्यामध्ये नुसता कुड, तोही शेणाने लिंपलेला. इकडे कोणी शिंकलं तर तिकडे ऐकू जायचं. ही पलीकडे हाटेलाचे कांदे चिरायची, डाळ वाटायची, मी अलीकडे चहा ओतायचो.

मालकाने मुंबईहून फोनो आणला होता. कर्ण्याचा, चावी भरायचा. त्यासाठी गिऱ्हाईक यायचं. बोटीची वाट बघणारे उतारू एका चहावर तासभर ऐकत बसायचे. तबकड्या पाच-सहाच होत्या, पण सगळ्यांना एकच हवी असायची. त्यात एक बाई गायची. नाटकांतून गाजलेली, मोठं नाव असलेली. मिरकरवाड्याचा एक म्हातारा खलाशी रोज येऊन बाकावर बसायचा आणि म्हणायचा, "चायवाल्या, बाईला बोलाव." आम्ही हसायचो. मी सुई ठेवायचो.

चावी भरायचं काम माझ्याकडेच. आता एका हाताने चहा गाळायचा आणि दुसऱ्या हाताने बाईला गायला लावायचं, किती जमणार? पहिलं कडवं झालं की हमखास कोणीतरी ओरडायचं, "दोन चाय, एक बिगर साखर!" मी चुलीकडे वळायचो. तेवढ्यात चावी उतरायची आणि बाईचा आवाज जड होत होत पुरुषासारखा व्हायचा. मी धावत येऊन दांडा फिरवला की ती पुन्हा वर चढायची. शेवटाकडे तबकडीला एक चीर होती. तिथे सुई अडकायची. तीच ओळ तीनदा, चारदा. मग मी बोटाने जरा ढकललं की गाणं पुढे जायचं. हे रोजचं. इतकं रोजचं की मला ते ऐकूच येत नव्हतं.

आता हिचं सांगतो. ही गायची. शिकून नव्हे, आईकडून उचललेलं. हळदीची, लग्नातल्या घाण्याची, जात्यावरची गाणी. आमच्या आळीत लग्न निघालं की मुहूर्त ठरायच्या आधी बायका हिच्याकडे यायच्या, "बाय, त्या दिवशी कुठे जाऊ नको हां." ऐन वेळी शब्द जुळवायची. एकदा नवरीचा मामा बोट चुकून पडावाच्या उघड्या होडीतून आला, भिजलेला, आणि तसाच मांडवात उभा राहिला. हिने हळद लावता लावता उचललं,

दारामधी कोण, त्याचं धोतर गो ओलं
नवरीच्या मामानं, बोटीला सोडून दिलं

अख्खा मांडव हसला. मामासुद्धा हसला. हिचा आवाज काही गोड नव्हता. रुंद होता, थोडा खरखरीत, लांबवर जाणारा. आमच्या आळीला दुसरा आवाज ठाऊक नव्हता आणि नकोही होता. मी मात्र रोज तबकडी ऐकणारा माणूस. मला वाटायचं, हे आपलं बायकांचं. गाणं म्हणजे कर्ण्यातून येतं ते.

त्या वर्षी चैत्रातल्या हळदीकुंकवाला वरच्या आळीच्या देवळात बायकांसाठी गाण्याची चढाओढ ठेवली. दुपारची. पहिलीला पितळेची समई. गाण्याचे एक मास्तर निवडायला येणार होते. मीच जाऊन हिचं नाव दिलं.

ही म्हणाली, "घाण्याचं गाणं म्हणू ना?"

"खुळी काय तू? तिथे वकिलांच्या, डॉक्टरांच्या बायका येणार. ते मामाचं धोतर तिथे काढतेस? चांगलं गाणं म्हण. त्या बाईचं."

"मला येतं काय ते?"

"रोज ऐकतेस की कुडाआडून."

ती म्हणाली, "शब्द येतात सगळे." आणि महिनाभर ती कांदे चिरताना पुटपुटत राहिली. मोठ्याने म्हणायला लाजायची, मालक ऐकेल म्हणून. मी विचारायचो, "जमतंय ना?" ती म्हणायची, "अगदी तसंच." मला बरं वाटायचं.

त्या दुपारी सभामंडपात बायका दाटीवाटीने बसलेल्या. कैरीचं पन्हं, वाटली डाळ फिरत होती. आम्ही पुरुष देवळाच्या दगडी गडग्याबाहेर उभे. चौघी-पाच जणी गाऊन गेल्या. मग ही उठली. नऊवारी हिरवं, लग्नातलं. हात पदरात घट्ट धरलेले.

पहिलं कडवं असं म्हटलंन की बाहेरचे पुरुष बोलायचे थांबले. माझ्या शेजारी मालक होता, तो म्हणाला, "अरे, ही तुझी?" मी छाती काढली.

मग दुसरं कडवं आलं. हिचा आवाज हळूहळू खाली बसायला लागला. शब्द ताणले जाऊ लागले. एकेक अक्षर ओझं उचलल्यासारखं. पुरुषी, घोगरं. आणि मग एकदम, दांडा फिरवावा तसा, तो वर चढला.

आत कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या बायकांच्या घरी फोनो होते. चांगले, चहा ओतता ओतता चावी भरावी न लागणारे. त्यांना ते गाणं नीट ठाऊक होतं. हिला आमच्या हाटेलातलं ठाऊक होतं. हिच्या लेखी ते गाणं तसंच होतं. मोठी बाई गाते, तर दुसऱ्या कडव्यात आवाज खाली नेणं हीच तिची करामत असणार, आणि हिने ती महिनाभर घासून घासून बसवली होती.

हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. पुढे काय येणार ते मला आता माहीत होतं. शेवटची ओळ आली. तिने ती म्हटली. पुन्हा म्हटली. पुन्हा. तिसऱ्या वेळी मंडप फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. आणि माझा हात, देवाशपथ सांगतो, आपोआप वर आला आणि बोटाने हवेत ढकललं. मालकाने ते बघितलं. तो हसायला लागला. आणि मीही हसलो. तिने गडग्याकडे बघितलं तेव्हा मी हसत होतो.

तिने गाणं पुरं केलं. मास्तर भला माणूस होता, म्हणाला, "बाई, आवाज तुमचा चांगला आहे. पण मूळ गाणं एकदा नीट ऐका." ती त्यांच्या पाया पडली आणि चपला शोधायला लागली.

वाटेत मी बोलायला नको होतं. मी म्हटलं, "तबकडीवरची बाई कुठे आणि तू कुठे! नको तिथे हौस." नाव मीच दिलं होतं, गाणं मीच ठरवलं होतं, आणि असं बोललो. ती माझ्यामागून चालत होती. वाटेतल्या विहिरीवर थांबून तिने तोंड धुतलं, बस.

दुसऱ्या दिवशी खलाशी आला. गावभर झालं होतं. बाकावर बसत तो म्हणाला, "चायवाल्या, बाईने अगदी बराबर म्हटलंन असं ऐकतो."

"चेष्टा नको, चाचा."

"चेष्टा कसली? तू चावी भरली असतीस तर समई तुझ्या घरात असती. तिने तुझी चूक गायली."

हाटेलातले सगळे हसले. कुडापलीकडे पाट्यावर वरवंटा चालला होता, तो थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. गाण्यातला तो घोगरेपणा माझा, हे तिला तिथे, कुडाआडून, गिऱ्हाइकांच्या हसण्यात कळलं. मी उठून आत जायला हवं होतं. दूध उतू जात होतं, मी दुधाकडे गेलो.

ज्येष्ठात शेजारच्या मुलीची हळद होती. तिची आई दारात आली.

"चल गो, जातं मांडलंय. तू सुरू केल्याशिवाय हळद कशी दळायची?"

"घसा बसलाय," ही म्हणाली.

"खोटं नको बोलू. माझ्या पोरीचं एकदाच लग्न आहे."

"मी दळते. गायला दुसरी कोण बघ."

आणि गेली ती, हळद दळली, दोन्ही हात पिवळे होईपर्यंत. गाणं भलत्याच एका बाईने म्हटलं. हिचंच गाणं, हिचीच चाल, पण अधूनमधून चुकवलेली. बायका हिच्याकडे बघत होत्या, आता तरी उचलेल म्हणून. मीही दाराशी उभा राहून तेच मागत होतो. हिचा जात्यावरचा हात चालीबरोबर फिरत होता, ओठ मिटलेले होते. त्यानंतर जात्यावर, पाळण्यावर, शेतात लावणीला माहेरी गेली तेव्हासुद्धा, तिने म्हटलं नाही. भांडणं आम्ही करायचो, हसायचीही ती. पोरं झाली. फक्त गाणं गेलं. आळीतल्या बायकांनी तिची गाणी आपापसात वाटून घेतली. कोणाकडे अर्धी चाल, कोणाकडे चारच शब्द. पुढे पुढे ती त्यांचीच झाली.

आणि मग दोन-तीन वर्षांनी ती तबकडीवरची बाई स्वतः रत्नागिरीत आली. नाटक मंडळीबरोबर. संध्याकाळी तिचं गाणं होतं. मी हिला म्हटलं, "चल." ती म्हणाली, "पोराला ताप आहे." ताप नव्हता. मी एकटाच गेलो. खलाशीही होता, इस्त्रीचा सदरा घालून.

बाई वयस्कर होती. जाड, धाप लागलेली. तेच गाणं म्हटलंन. वरचा सूर लागेना, तिथे पेटीवाल्याने सांभाळून घेतलं. एक कडवं विसरली, पहिलंच पुन्हा म्हटलंन. मागची माणसं कुजबुजली, "तबकडीसारखं नाय." खलाशी म्हणाला, "आपलीच नक्कल करते, तीपण जमत नाय बिचारीला." पण गाणं संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उठून वाजवल्या. मीही.

सकाळी ही चूल पेटवत होती. मला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. उत्साहाने सांगायला लागलो, "अगो, तीपण चुकली! कडवं विसरली! तेच तेच पुन्हा म्हटलंन!"

तिने फुंकणी खाली ठेवली.

"मग? हसलात तिला?"

मी सदऱ्याची बटणं लावायला लागलो.

"सांगा की. हसलात?"

"टाळ्या वाजवल्या," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि फुंकणी उचलली. खोलीत धूर झाला होता, तिचं तोंड मला दिसलं नाही. मी तेव्हा तिशीतला धडधाकट माणूस होतो. पाय धरायला कोणी अडवलं नव्हतं. मी हाटेल उघडायला गेलो.

माणसाला वाटतं, पुढे बघू. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं होती आणि ती सगळी तशीच गेली. त्या मोठ्या बाईचं गाणं अजून लागतं. नातू म्हणतो, आता साफ करून दिलंय, चिरबिर काही राहिली नाही. दुसऱ्या पोरी ते म्हणतात, त्यांचंही राहील. माझ्या बायकोचा आवाज कुठेच नाही. आठवायला बसलो की त्या बाईचाच येतो. चाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या बायकोचा आवाज मला आणता येत नाही, हाटेलातल्या कर्ण्यातला येतो. ही माझी कमाई.

शेवटचे दोन महिने ती अंथरुणावर होती. बोलायची, पण थोडं. एका दुपारी सून कामाला गेलेली, घरात आम्ही दोघंच. मी तिच्या पायाला तेल लावत होतो. मी म्हटलं, "एकदा म्हण गो काहीतरी."

तिने डोळे उघडले. रागाने नव्हे, खरंच विचारलं.

"कोणासारखं म्हणू?"

"तुझ्यासारखं," मी म्हटलं.

बराच वेळ तिने आठवून बघितलं. ओठ हलताना मला दिसले. मग म्हणाली, "ते आता येत नाय मला."

आणि पाय जवळ ओढून घेतला, म्हणाली, "पुरे तेल."